स्थिर भाराखाली काँक्रीटमधील भेगेची वाढ : प्रकल्प नोंदी

१० जानेवारी २०२४, पुणे

प्रकल्पाला आज मान्यता मिळाली. कामाचा प्रश्न वहीच्या पहिल्याच पानावर नेमका लिहून ठेवणे आवश्यक वाटते. आयएस ५१६ (काँक्रीट चाचणीचे भारतीय मानक) प्रमाणे काँक्रीटचा क्यूब दाबताना भार मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मि.मी. या वेगाने वाढवला जातो. एम-३० काँक्रीटची (३० न्यूटन प्रति चौरस मि.मी. ठरवलेल्या ताकदीच्या) सरासरी ताकद ३८ च्या आसपास धरली, तर असा क्यूब तीन मिनिटांच्या आत फुटतो आणि त्या तीन मिनिटांत मिळालेल्या आकड्याच्या भरवशावर पन्नास वर्षे उभी राहणारी इमारत बांधली जाते. या दोन कालावधींत काँक्रीटच्या आत जे घडते ते सारखे नसते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील ह्युबर्ट र्‍यूश यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले, की अल्पकालीन ताकदीच्या सुमारे ८० टक्क्यांच्या वर भार नेऊन तो तिथेच ठेवला, तर काँक्रीट काही काळाने मोडते, आणि त्यासाठी भार आणखी वाढावा लागत नाही.

र्‍यूश यांचे हे काम दाबाखालच्या काँक्रीटचे होते. आम्हाला ताणाखालची एकच भेग पाहायची आहे. भार स्थिर असताना ती का वाढते, किती वेगाने वाढते, आणि तो वेग पाहून तिचा शेवट आधी ओळखता येतो का, हे तीन प्रश्न सरांच्या संमतीने निश्चित केले.

१८ जानेवारी

बीमच्या नमुन्यांची मापे ठरली. आमच्या प्रयोगशाळेत १०० × १०० × ५०० मि.मी.चे साचे आहेत, तेच वापरणार. आधारांमधील अंतर ४०० मि.मी. राहील आणि मधोमध खालच्या बाजूने ३० मि.मी. खोल खाच असेल, म्हणजे वर ७० मि.मी. छेद शिल्लक राहील. खाच साच्यात पट्टी ठेवून घडवायची की नंतर डायमंड कटरने कापायची, यावर बराच विचार झाला. पट्टी ठेवल्यास तिच्याभोवती सिमेंट पेस्टचा खडीविरहित थर जमतो आणि भेगेची सुरुवात त्या कृत्रिम थरात होते. कापलेल्या खाचेत खडीचे तुकडेही कापले जातात, आणि भेग खऱ्या काँक्रीटमध्ये सुरू होते. म्हणून खाच कापण्याचेच ठरले. खडी १२.५ मि.मी.पेक्षा मोठी घेणार नाही.

भार देण्यासाठी १:१० गुणोत्तराची तरफ आमच्याच वर्कशॉपमध्ये तयार होत आहे. विजेवर नियंत्रित होणाऱ्या सर्व्हो चाचणी यंत्रावर आठवडेच्या आठवडे एकच नमुना ठेवता येत नाही, आणि वीज गेली की नियंत्रणही जाते. टांगलेल्या वजनांना विजेची गरज नसते. आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक) मधील ०.७√एफसीके या सूत्राने (एफसीके म्हणजे क्यूबची ठरवलेली ताकद, इथे ३०) एम-३० ची वाकवतानाची ताणशक्ती ३.८ न्यूटन प्रति चौरस मि.मी. येते, उरलेल्या छेदावर ती लावल्यास मध्यभागी सुमारे ३.१ किलोन्यूटन भाराला बीम मोडावा. हा अंदाज ढोबळ आहे, पण तरफेच्या टोकाला तीसेक किलो वजन लागेल एवढे त्यावरून कळते, आणि तेवढे वजन हाताळणे सोपे आहे. तरफेचे स्वतःचे वजन धरूनच लोडसेलवर (भारमापकावर) मोजणी करून घ्यावी लागेल.

५ फेब्रुवारी

सर्व बीम आणि सोबतचे क्यूब एकाच घाण्यात ओतले. ओपीसी ५३ (साधे पोर्टलंड) सिमेंट वापरले असून फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) जाणीवपूर्वक टाळली आहे, कारण फ्लाय अ‍ॅशमुळे ताकद पुढे बरेच महिने वाढत राहते आणि आम्हाला काळाचा परिणाम त्या वाढीपासून वेगळा काढायचा आहे. नमुन्यांना वयाचे ९० दिवस पूर्ण होण्याआधी स्थिर भार द्यायचा नाही.

२० फेब्रुवारी

भार लागण्यापूर्वीच काँक्रीटमध्ये बारीक भेगा असतात. सिमेंट पेस्ट आकसते, खडी आकसत नाही, आणि दोघांच्या सांध्यावर सूक्ष्म चिरा पडतात. कॉर्नेल विद्यापीठात १९६३ मध्ये सू, स्लेट, स्टर्मन आणि विंटर यांनी भार दिलेल्या काँक्रीटचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली हा प्रवास पाहिला. भार अल्पकालीन ताकदीच्या तीसेक टक्क्यांपर्यंत असेपर्यंत सांध्यावरच्या चिरा जवळपास आहेत तशाच राहतात, त्यानंतर त्या खडीच्या कडेने वाढू लागतात, आणि ७० ते ९० टक्क्यांच्या टप्प्यात मधल्या मसाल्यातून एकमेकींना जोडल्या जातात. र्‍यूश यांची ८० टक्क्यांची मर्यादा याच टप्प्यात पडते, आणि हा योगायोग नव्हे असे मला वाटते. चिरा जोडल्या जाऊ लागल्या की पुढचे काम काळ करू शकतो.

ताणाखाली चित्र थोडे वेगळे असते. १९७६ मध्ये लुंड येथील हिलरबोर्ग, मोदेर आणि पेटरसन यांनी मांडलेल्या प्रतिमानानुसार काँक्रीटमधील भेगेचे टोक म्हणजे एखादा तीक्ष्ण बिंदू नसतो. दिसणाऱ्या भेगेच्या पुढे एक पट्टा असतो, ज्याला फ्रॅक्चर प्रोसेस झोन म्हणतात. तिथे काँक्रीट फाटू लागलेले असते, पण खडीच्या तुकड्यांनी आणि न तुटलेल्या पुलांनी दोन्ही बाजू अजून एकमेकींना धरून ठेवलेल्या असतात. या पट्ट्याच्या लांबीचा अंदाज देणारी वैशिष्ट्यपूर्ण लांबी काढण्यासाठी लवचिकता गुणांक (ताण आणि विरूपण यांचे गुणोत्तर) आणि भंगऊर्जा (भेगेचे एकक क्षेत्र उघडायला लागणारी ऊर्जा) यांच्या गुणाकाराला ताणशक्तीच्या वर्गाने भागतात. आमच्या काँक्रीटसाठी गुणांक २७,४०० न्यूटन प्रति चौरस मि.मी., भंगऊर्जा ०.१ न्यूटन प्रति मि.मी. आणि सरळ ओढतानाची ताणशक्ती २.९ न्यूटन प्रति चौरस मि.मी. धरल्यास ही लांबी सुमारे ३२५ मि.मी. येते. आमचा शिल्लक छेद ७० मि.मी.चा आहे. म्हणजे या बीममध्ये प्रोसेस झोनला पूर्ण वाढायला जागाच नाही, आणि इथे मिळणारे आकडे धरणासारख्या प्रचंड छेदाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. ही मर्यादा अहवालात पहिल्या पानावर लिहायची आहे.

११ मार्च

आज प्रयोगशाळेत काही काम नव्हते, म्हणून फिब या आंतरराष्ट्रीय काँक्रीट संघटनेच्या मॉडेल कोड २०१० मधील दीर्घकालीन दाबशक्तीचे सूत्र घेऊन बसले. भार किती दिवस टिकला हे त्यात घालायचे, म्हणजे अल्पकालीन ताकदीचा किती भाग उरतो हे मिळते. सूत्र सोपे आहे: भार टिकलेल्या दिवसांना ७२ ने गुणून त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, त्याचे चौथे मूळ काढायचे, त्याला ०.१२ ने गुणायचे आणि ते ०.९६ मधून वजा करायचे.

एका तासाला ०.८४ येते, एका दिवसाला ०.७९, एका वर्षाला ०.७५ आणि पन्नास वर्षांना ०.७३. हे आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर लक्षात येते की घट सुरुवातीलाच एकवटलेली आहे. पहिल्या तासात १६ टक्के जातात आणि पहिल्या वर्षानंतरच्या एकोणपन्नास वर्षांत अवघे दोन. दीर्घकालीन भार म्हटले की आपल्या मनात दशके येतात, प्रत्यक्षात निर्णायक गोष्टी पहिल्या काही दिवसांत उरकतात.

पण याच काळात काँक्रीटची ताकद वाढतही असते. त्याच कोडमधील वयानुसार ताकदवाढीचे सूत्र साध्या सिमेंटसाठी घेतले आणि २८ दिवसांच्या काँक्रीटवर भार आला असे धरून दोन्ही गुणांकांचा गुणाकार केला. एका दिवसानंतर ०.७९१, तीन दिवसांनंतर ०.७८७, सात दिवसांनंतर पुन्हा ०.७९१, चार आठवड्यांनंतर ०.८२ आणि वर्षानंतर ०.९०. किंमत तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तळाला जाते आणि नंतर वर येते. ज्या तरुण काँक्रीटने भाराचे पहिले तीन दिवस सोसले, ते पुढे बहुधा सोसतच राहते, कारण तोवर त्याचे वाढते वय काळाची झीज भरून काढू लागलेले असते.

मग जुन्या काँक्रीटचे काय, हा प्रश्न आपोआप येतो, आणि मला या संपूर्ण गणितातील तो सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. तीस वर्षे जुन्या काँक्रीटची ताकदवाढ थांबलेली असते. त्याच्यावर आज नवा कायमचा भार आला, म्हणजे गच्चीवर पाण्याची मोठी टाकी बांधली, जुन्या फरशीवर दुसरी फरशी बसवली, दुकानाच्या माळ्याचे गोदाम केले, तर त्या नव्या भारासाठी वक्र फक्त खाली जातो. पहिला आठवडा सुखरूप गेला म्हणून निश्चिंत होण्याचे कारण तिथे उरत नाही. डिझाइनमधले सुरक्षा गुणांक बरेच काही झाकतात हे खरे आहे, पण गंजाने आणि आधीच्या भेगांनी त्यांपैकी किती शिल्लक ठेवले आहे, हे त्या छेदाकडे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

ताणासाठी तोच कोड आणखी कडक आहे. नेहमीच्या ताकदीच्या काँक्रीटची टिकाऊ ताणशक्ती अल्पकालीन ताणशक्तीच्या ०.६ पटच धरावी, उच्च ताकदीच्या काँक्रीटसाठी ०.७५, असे तो सांगतो. आमच्या बीमसाठी भाराच्या पातळ्या यावरूनच ठरवल्या: कमाल भाराच्या ९५, ८५, ७५ आणि ६५ टक्के.

२९ एप्रिल

खाचा कापून झाल्या. कटरखालून बाहेर आलेल्या खाचेचे टोक भिंगातून पाहिल्यावर काळ्या बसाल्टच्या खडीचे कापलेले चेहरे आणि त्यांच्याभोवती राखाडी पेस्टची अरुंद किनार स्पष्ट दिसते.

अल्पकालीन चाचण्या यंत्रावर, खाचेचे तोंड उघडण्याचा वेग नियंत्रित ठेवून केल्या. भाराचा वेग नियंत्रित ठेवला असता तर कमाल बिंदूनंतर बीम एका झटक्यात मोडला असता आणि भार आणि उघडणे यांच्या वक्राचा उतरता भाग हाती लागला नसता. आम्हाला तर तोच हवा आहे. कमाल भार ३ किलोन्यूटनच्या आसपास आले, मात्र एकाच घाण्यातल्या, एकाच साच्यातल्या बीममध्येही दहाएक टक्क्यांचा फरक पडतो. प्रकल्पातली खरी अडचण इथेच आहे. ८५ टक्के भार म्हणताना ज्या बीमचे ८५ टक्के घ्यायचे, त्याची स्वतःची कमाल ताकद कधीच कळणार नाही, कारण ती मोजण्यासाठी त्याला मोडावे लागेल. सरासरीच्या ८५ टक्के भार एखाद्या बीमसाठी प्रत्यक्षात ८० असेल आणि शेजारच्यासाठी ९०. म्हणून एकेका बीमच्या आयुष्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, असे सरांनी बजावले आहे.

३ मे

पुण्यात दुपारची आर्द्रता सध्या फार कमी आहे. बीम उघडे ठेवले तर ते वाळतील, आणि वाळणे व भार या दोन गोष्टी एकत्र आल्या की होणारे विरूपण दोघांच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त असते. गेराल्ड पिकेट यांनी १९४२ मध्ये हे दाखवून दिले आणि तो परिणाम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. बीमच्या सर्व बाजूंना अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावली. फक्त खाचेच्या वरचा एक चौकोन एका बाजूने उघडता येईल असा ठेवला, भेग पाहण्यासाठी.

६ मे

पहिला बीम तरफेवर चढला, ८५ टक्क्यांवर. वजने एकेक करून हलक्या हाताने ठेवावी लागतात, कारण वजन आदळले तर तो स्थिर भार राहत नाही. शेवटचे वजन ठेवल्यावर खाचेचे तोंड ३० मायक्रॉनच्या आसपास उघडले आणि त्यानंतर आकडा थांबला नाही. पहिली काही मिनिटे तो भराभर चढला, मग मंदावला.

भेग साध्या डोळ्यांना दिसत नव्हती. खिडकीचा चौकोन उघडून त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापसाचा बोळा फिरवला. सगळा पृष्ठभाग ओला होऊन काळवंडला आणि काही क्षणांत कडांपासून वाळू लागला. सगळे वाळले तरी खाचेच्या टोकापासून वर जाणारी केसासारखी एक काळी रेघ ओलीच राहिली, कारण भेगेने आत ओढून घेतलेला द्रव उशिरा उडतो. ती रेघ सरळ नव्हती. खडीचा एक तुकडा आडवा आला तिथे तिने त्याच्या डाव्या कडेने वळसा घेतला होता, आणि त्याच तुकड्याच्या उजव्या कडेलाही एक पुसट, तुटक रेघ होती. म्हणजे दोन भेगांच्या मधे खडीचा तो तुकडा पूल होऊन उभा होता. पेन्सिलने टोकाशी खूण करून वेळ लिहिली. तासाभराने तीच कृती केली तेव्हा रेघ खुणेच्या पुढे गेली होती आणि उजवी रेघ ठळक झाली होती. तरफेवरच्या वजनांत काहीही बदल झालेला नव्हता.

शेजारच्या मृदा प्रयोगशाळेत कॉम्पॅक्शनचा (माती ठोकून घट्ट करण्याचा) हातोडा सुरू झाला की आमच्या ओट्यापर्यंत कंप येतो. प्रयोगशाळेतील मदतनीस मामांना विनंती करून चाचणी चालू असेपर्यंत हातोड्याचे काम दुसऱ्या टोकाच्या खोलीत हलवले.

७ मे

सकाळी मामा दारातच भेटले आणि म्हणाले, "मॅडम, तो बीम गेला." नोंदणी यंत्राने खाचेच्या उघडण्याचा वेळेनुसारचा रात्रीचा सगळा वक्र पकडला आहे. त्याचे तीन भाग अगदी स्पष्ट दिसतात: सुरुवातीचा मंदावणारा, मधला जवळजवळ सरळ आणि शेवटी वर उसळणारा. मधला भाग सर्वांत लांब आहे.

१४ मे

९५ आणि ८५ टक्क्यांचे बीम मोडून झाले. ९५ वाले काही मिनिटांत गेले, ८५ वाल्यांनी काही तास घेतले आणि त्यांच्या आयुष्यांत आपसांत फार मोठा फरक आहे, जो २९ एप्रिलच्या नोंदीवरून अपेक्षितच होता.

मोडण्याआधीच्या उघडण्याचे आकडे मात्र एकमेकांच्या जवळ आहेत. ८५ टक्क्यांवरचे बीम शेवटच्या उसळीला लागले तेव्हा तोंडाचे उघडणे साधारण ७५ मायक्रॉनच्या आसपास होते. अल्पकालीन चाचणीच्या वक्रावर कमाल बिंदू ओलांडून उताराला लागल्यावर भार जिथे पुन्हा ८५ टक्क्यांवर येतो, तिथले उघडणेही जवळपास तेवढेच आहे. लुंडमध्ये झोउ यांनी आणि इटलीत कार्पिंतेरी व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हीच गोष्ट नोंदवली होती. अर्थ असा, की अल्पकालीन वक्राचा उतरता भाग ही स्थिर भाराखालच्या भेगेची हद्द आहे. भार स्थिर ठेवला की आपण आलेखावर आडव्या रेषेने उजवीकडे सरकत राहतो आणि ती रेषा उताराला जिथे भिडते तिथे बीम मोडतो. तिथे पोहोचायला मिनिट लागेल की वर्ष, हे भेगेचा वेग ठरवतो, पण मोडण्याची जागा तीच असते.

असे का व्हावे, याचे मला पटणारे स्पष्टीकरण प्रोसेस झोनमध्येच सापडते. न तुटलेले प्रत्येक सूक्ष्म बंधन उष्णतेमुळे सतत थरथरत असते आणि त्याला तुटण्यासाठी ऊर्जेचा एक अडथळा ओलांडावा लागतो. ताण तो अडथळा कमी करतो, पण शून्य करत नाही; म्हणून बंधन लगेच तुटत नाही, कधीतरी तुटते. तुटले की त्याचा वाटा शेजारच्या बंधनांवर जातो आणि त्यांचा अडथळा आणखी उतरतो, उसवत चाललेल्या शिवणीत एक टाका गेला की पुढच्यावर ओढ येते तसे. काही काळ प्रोसेस झोन पुढे सरकून नवी बंधने कामाला लावतो आणि वेग स्थिर राहतो. वर उरलेला छेद अपुरा पडला की नवी बंधने मिळेनाशी होतात आणि शेवटची उसळी सुरू होते.

२३ मे

पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरील टर्मिनल २-ई चे छत कोसळल्याला आज २० वर्षे झाली. आमच्या विषयाचे महत्त्व कुणी विचारले तर मी हेच उदाहरण देईन. जून २००३ मध्ये वापरात आलेले, पॉल अँद्र्यू यांनी रचलेले हे काँक्रीटचे कवच २३ मे २००४ च्या सकाळी सुमारे ३० मीटर लांबीत खाली आले आणि चार माणसे मृत्युमुखी पडली. त्या सकाळी छतावर बर्फ नव्हता, वादळ नव्हते, भूकंप झाला नव्हता. कवच जवळजवळ फक्त स्वतःचे वजन पेलत होते, जे ते आधीचे अकरा महिने पेलतच होते.

फेब्रुवारी २००५ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने कारणे अनेक सांगितली: सळया अपुऱ्या किंवा चुकीच्या जागी, बाहेरच्या पोलादी आधारदांड्यांची टोके काँक्रीटमध्ये रुतलेली, कडेच्या तुळया कमकुवत, आणि एक भाग खचला तर भार दुसरीकडे वळवण्याची सोय नाही. या सर्वांच्या जोडीला भेगांनी हळूहळू झालेली झीज होती. कवचाची राखीव ताकद पहिल्या दिवसापासूनच तुटपुंजी होती, तापमानाच्या चढउतारांनी आणि कायमच्या भाराने भेगा वाढत गेल्या, आणि त्या थंड सकाळी हद्द ओलांडली गेली. आलेखावरची आमची आडवी रेषा तिथे अकरा महिने लांब होती. कोसळण्याच्या थोडे आधी आवाज आले, धूळ पडताना आणि भेगा उमटताना दिसल्या, आणि पोलीस तो भाग रिकामा करू लागले होते. ते शेवटच्या टप्प्याचे लक्षण होते. मधल्या टप्प्यात, जेव्हा हाताशी वेळ होता, तेव्हा भेगांचा वेग कुणी मोजत असते तर काय झाले असते, हा विचार आज दिवसभर मनातून गेला नाही.

१९ जून

पाऊस सुरू झाला आणि प्रयोगशाळेतील आर्द्रता एकदम वर गेली. ७५ टक्क्यांवरच्या, पट्टी लावलेल्या बीमच्या वक्रात त्याची जाणवण्यासारखी खूण नाही. तुलनेसाठी एक बीम मुद्दाम उघडा ठेवला होता, त्याचा वेग मात्र बदलला. बांधकामावरचे काँक्रीट उघडेच असते, त्यामुळे हा स्वतंत्र प्रकल्पाचा विषय आहे आणि इथे त्यात शिरणे योग्य होणार नाही.

८ जुलै

मोडलेल्या सर्व बीमच्या मधल्या टप्प्यातील किमान वेग आणि एकूण आयुष्य लॉग-लॉग कागदावर (ज्याच्या दोन्ही अक्षांवर दहाच्या पटींची मापे असतात) मांडले. बिंदू एका सरळ पट्ट्यात बसतात आणि पट्ट्याचा उतार उणे एकच्या जवळ आहे, म्हणजे वेग दहापट कमी झाला की आयुष्य साधारण दहापट वाढते. महत्त्वाचे हे, की भाराच्या टक्केवारीवर आयुष्य मांडले असता जो प्रचंड विस्कळीतपणा दिसतो, तो इथे बराचसा नाहीसा होतो. कारण सरळ आहे: टक्केवारी आम्ही सरासरीवरून अंदाजाने लावलेली असते, वेग मात्र त्या बीमने स्वतः दाखवलेला असतो. त्याची स्वतःची ताकद जास्त असो की कमी, ती त्याच्या वेगात आधीच धरलेली असते. १४ मेच्या नोंदीतील हद्द लक्षात घेतली तर गणितही साधे उरते. सुरुवातीच्या उघडण्यापासून हद्दीपर्यंत जेवढे मायक्रॉन शिल्लक आहेत, त्यांतील बहुतेक मधल्या टप्प्यात खर्च होतात. शिल्लक भागिले वेग म्हणजे उरलेला काळ.

खालच्या भारपातळीला हद्द दूर असते आणि वेगही फार कमी असतो, त्यामुळे ६५ टक्क्यांवरच्या बीमसाठी हे गणित आज करणे धाडसाचे ठरेल. त्यांचा वेग अजूनही मंदावतोच आहे आणि मधला टप्पा सुरू झाल्याचे चिन्ह नाही.

२२ जुलै

सरांशी चर्चा झाली. त्यांचा आक्षेप रास्त होता: आमच्या बीममध्ये सळई नाही, खऱ्या बांधकामात असते. सळई असली की भेग एका झटक्यात पार जात नाही, पण काळाचे काम थांबत नाही. दोन भेगांमधले काँक्रीट सळईला चिकटून ताणाचा काही वाटा उचलते आणि ती पकड दीर्घकालीन भाराखाली ढिली होते. युरोकोड २ (काँक्रीटसाठीचे युरोपीय मानक) मध्ये भेगेची रुंदी काढताना याच वाट्याचा गुणांक अल्पकालीन भारासाठी ०.६ आणि दीर्घकालीन भारासाठी ०.४ घ्यायला सांगितला आहे. दाबाच्या बाजूचे काँक्रीटही क्रीपमुळे (कायमच्या भाराखाली हळूहळू वाढणाऱ्या विरूपणामुळे) आखडत राहते. आयएस ४५६ प्रमाणे २८ दिवसांच्या वयाला क्रीप गुणांक १.६ आहे, म्हणजे २७,४०० चा लवचिकता गुणांक कायमच्या भारासाठी प्रत्यक्षात १०,५०० च्या आसपास उतरतो. बाक वाढतो, आणि बाकासोबत भेगाही रुंदावतात. सळईरहित काँक्रीट ताण घेते अशा जागा, म्हणजे स्टिरप (कड्यांसारख्या वळवलेल्या सळया) नसलेल्या स्लॅबचा कॉलमभोवतालचा भाग किंवा अँकर बोल्टभोवतीचा शंकू, आमच्या निष्कर्षांच्या सर्वांत जवळच्या आहेत. अहवालात तेवढाच दावा करायचा.

५ ऑगस्ट

मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. अशा तपासण्या करणाऱ्या एका अभियंत्यांशी आज बोलणे झाले. भेगेवर काचपट्टी चिकटवून तिच्यावर तारीख टाकण्याची पद्धत अजून सर्वत्र चालते. काच फुटली तर भेग हलली हे कळते, पण किती आणि कोणत्या वेगाने हे कळत नाही, आणि ८ जुलैच्या आलेखानुसार नेमके तेच कळणे आवश्यक आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना एपॉक्सीने दोन बिंदू बसवून त्यांतील अंतर डेमेक गेजने (दोन बिंदूंमधील अंतराचा सूक्ष्म बदल मोजणाऱ्या उपकरणाने) ठरावीक दिवसांनी मोजले, तर त्यासाठी फार मोठा खर्च येत नाही.

मात्र तापमानाची नोंद प्रत्येक वाचनासोबत हवीच. काँक्रीट अंशागणिक मीटरला दहा मायक्रॉन प्रसरण पावते. ५ मीटरच्या भिंतीत १५ अंशांच्या फरकाने पाऊण मिलीमीटरपर्यंत हालचाल होऊ शकते आणि ती सगळी एकाच भेगेत एकवटली, तर दुपारचे वाचन आणि पहाटेचे वाचन यांतील फरक खऱ्या वाढीच्या कितीतरी पट मोठा येईल. म्हणून वाचन रोज एकाच वेळी, शक्यतो सूर्योदयापूर्वी घ्यावे, आणि निष्कर्ष निदान एका पूर्ण ऋतूच्या वाचनांवरून काढावा. ०.३ मि.मी. रुंदीची, अनेक वर्षे जागची न हललेली भेग आणि ०.१ मि.मी. रुंदीची, दर महिन्याला सारख्याच वेगाने वाढत राहणारी भेग यांत मला दुसरीची काळजी अधिक वाटते, मग तिचा वेग वरवर कितीही क्षुल्लक दिसो. सध्याच्या तपासणी अहवालांत रुंदीचा रकाना असतो. वेगाचा रकाना असावा, अशी शिफारस या प्रकल्पाच्या अहवालात करणार आहोत.

१९ ऑगस्ट

७५ टक्क्यांवरचा शेवटचा बीम आज मोडला. ६५ टक्क्यांवरचे उभे आहेत. त्यांपैकी एक उतरवून यंत्रावर अल्पकालीन चाचणीने मोडायचा आणि इतके महिने भार सोसल्यावर त्याची ताकद घटली की वाढली हे पाहायचे ठरले. उतरवण्याआधी अल्कोहोलने भेगेचे टोक तपासून खूण करावी, वजने चढवली होती त्याच संथ गतीने काढावीत, आणि भार शून्य झाल्यावर भेग किती मिटते याचे वाचन पहिल्या दिवशी तासातासाला घ्यावे. बाकीचे बीम पुढील पावसाळ्यापर्यंत तरफेवरच राहतील.